नांदूरघाटचा तोंड बघणारा

इसम नामे गहिनीनाथ वल्द धोंडीराम, साकीन मौजे नांदूरघाट, जिल्हे बीड, इलाखे सरकार निजाम. पेशा जनावरांची दलाली. उमर पन्नासच्या अलीकडे-पलीकडे. रंग गव्हाळ, बांधा मजबूत, चाल सरळ. शिंगे नाहीत. शेपूट नाही. उजव्या कानाची पाळी फाटलेली. दात बत्तीस, जुळलेले, पैकी एकही हलत नाही. मारत नाही, बसत नाही, गाडीला बुजत नाही. खोड कोणतीही नाही. सबब खरीददाराने बेफिकीर राहावे.

असा दाखला माणसाचा कुणी लिहीत नाही, बैलाचा लिहितात. बाजारात बैल विकला गेला की कारकून मांडीवर कागद ठेवून असंच काहीबाही उतरवून घ्यायचा, आणि त्यातला दातांचा मजकूर गहिनीनाथ तोंडी सांगायचा. सांगून सांगून त्याला ती भाषा इतकी अंगवळणी पडली होती, की पाहुणा दारात आला तरी तो आधी चाल बघायचा आणि मग रामराम घालायचा. तेव्हा त्याचं वर्णन त्याच्याच भाषेत केलं तर त्यात त्याचा अपमान नाही. अपमान पुढे आहे.

नांदूरघाटच्या बाजारात बैलाचा भाव रुमालाखाली ठरायचा. घेणारा आणि देणारा एकमेकांची बोटं दाबायचे आणि भोवतालच्यांना नुसता रुमाल हलताना दिसायचा. तोंडाचा कौल मात्र उघड्यावर व्हायचा, आणि तो गहिनीनाथ द्यायचा. एका हाताने वेसण धरायची, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खालचा ओठ खाली ओढायचा. दोन दाती, चार दाती, सहा दाती की सगळे दात आलेला जुळलेला, एवढं कळायला त्याला पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नसे. मग तो बैलाची जीभ बाजूला घ्यायचा, तोंडाशी तोंड नेऊन एकदा खोल हुंगायचा आणि कौल सांगायचा.

"दात घासून बारीक करता येत्यात," तो म्हणे. "शिंगं तासता येत्यात, तेल लावून कातडं चमकवता येतं. वासाला काय करशाल?"

आणि एकदा दिलेला कौल तो बदलत नसे. कुणी फार गयावया केली की त्याचं ठरलेलं उत्तर होतं, "दुसऱ्यांदा बघायचं म्हंजे पैल्यांदा बगितलंच न्हाई." हे वाक्य केज तालुक्यात बरंच फिरलं होतं. मुंजाजी नावाचा एक तरुण दलाल त्याची नक्कल करायचा, पण गहिनीनाथ आसपास नसताना.

स्वतःच्या दातांचा त्याला गर्व होता, आणि तो लपवण्याची त्याला गरज वाटत नसे. लोक त्याला नव्या दाव्याची ओली करकचलेली गाठ आणून द्यायचे आणि तो ती उजव्या दाढेत धरून सोडवून दाखवायचा. एका आखाजीच्या बाजारात ती सोडवताना 'कट' असा बारीक आवाज झाला. गाठ सुटली. आवाज गाठीचाच असावा असं सगळ्यांनी धरलं, त्यात गहिनीनाथही होता.

त्या उन्हाळ्यात माठातलं गार पाणी उजव्या बाजूला लागलं की दाढेत सुई टोचल्यासारखी कळ यायची आणि पाणी गिळेपर्यंत जायची. तो डाव्या बाजूने पाणी पिऊ लागला. जुळलेल्या तोंडाच्या माणसाने दोन्ही बाजूंनी पाणी प्यायलाच पाहिजे असा काही सरकारी हुकूम नव्हता.

पावसाळ्यात प्रकार उलटा झाला. गार पाण्याचं काही वाटेना, पण गरम दुधाचा घोट घेतला की दाढ पेटायची, आणि दूध पोटात जाऊन थंड झालं तरी ती पेटलेलीच राहायची. आता गार पाण्याची चूळ तोंडात धरली की तेवढ्यापुरतं बरं वाटे. आडवं झालं की ठोका कानापर्यंत जाई. म्हणून तो भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपायला लागला. त्याच्या बायकोने, भिवराबाईने, विचारलं तेव्हा त्याने पाठीचं कारण सांगितलं. गाल धरून बसलेला तोंडाचा पारखी ही गोष्ट त्याला स्वतःच्या घरातसुद्धा चालणारी नव्हती.

पोळ्याच्या सुमाराला मात्र त्याचा निभाव लागेना. तो तोंडावर उपरणं घेऊन गावकुसाजवळ राहणाऱ्या दगडाबाईकडे गेला. दगडाबाई दाढेतले किडे काढायची. रिंगणीचं बी तापल्या पळीवर टाकायची, त्याचा धूर नळीतून दाढेवर सोडायची आणि माणसाला पाण्याच्या ताटलीवर वाकवायची. थोड्या वेळाने ताटलीत पांढरे बारीक किडे तरंगायला लागायचे. रिंगणीचं बी फुटल्यावर आतून जे बाहेर पडतं त्याच्याशी या किड्यांचं बरंच साम्य होतं. पण ज्याची दाढ दुखते आहे त्याला बियांचा अभ्यास करायची सवड नसते, आणि दाढ दुखायची राहिल्यावर गरज नसते.

"लई जुने हायेत," दगडाबाई ताटलीकडे बघत म्हणाली. "मूळ धरून बसलेत. आता कळ गेली की मोकळे झालात म्हणून समजा."

दसऱ्याच्या आत कळ गेली. कमी होत होत नव्हे, तर एका सकाळी उठला तेव्हा नव्हतीच. गरम दूध प्यायला, काही नाही. गार पाणी प्यायला, काही नाही. दाढेवर बोटाने टकटक केली, तर ती दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी गप्प. गहिनीनाथाने दगडाबाईला लुगडं दिलं आणि बाजारात तिचं नाव केलं. दाढ दुखणारा कुणी भेटला की तो त्याला तिच्या घराची वाट दाखवायचा आणि वर सांगायचा, "कळ गेली म्हंजे रोग गेला. मी भोगलंय."

त्या दसऱ्यानंतर नांदूरघाटच्या बाजारात सडक्या तोंडाचे बैल फार यायला लागले.

आधी एखाददुसरा, मग जवळजवळ प्रत्येक बाजारात. गहिनीनाथ ओठ खाली ओढायचा, दात बघून मान डोलवायचा, मग हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. काहींनी त्याचं कारण पावसात काळ्या पडलेल्या कडब्याला लावलं. काहींनी बालाघाटाकडून आलेल्या रोगाला. एकदा संशय आला म्हणून गहिनीनाथाने घरच्या लाख्या बैलाचं तोंड उघडलं तर त्यालाही तोच वास. तो हबकला. रोज सकाळी लाख्याच्या हिरड्यांना हळद-मीठ चोळायला लागला.

"लाख्याचं तोंड बिघडलंय," तो भिवराबाईला म्हणाला.

"असंल," ती म्हणाली आणि पदर नाकावरून न काढता शेण भरत राहिली.

त्याची दाढ या काळात राखाडी पडत चालली होती. घास चावताना ती बाकीच्या दातांपेक्षा उंच वाटायची, आधी तिचाच टेका लागायचा. तिच्या खाली हिरडीवर ज्वारीच्या दाण्याएवढी पुळी यायची, फुटायची, तोंडात खारट-कडू चव सोडायची आणि पुन्हा भरायची. दुखत काहीच नव्हतं. दुखत नाही त्याला रोग म्हणायचं नाही, हे त्याने स्वतःच बाजारात जाहीर केलेलं होतं. त्याने लवंग धरायला सुरुवात केली. लोक त्याच्याशी बोलताना अर्धं पाऊल मागे सरकून उभे राहत. तो ते मानाचं अंतर समजत होता.

दिवाळीनंतरच्या बाजारात जवळच्या वाडीचा शहादेव आपला पाखऱ्या घेऊन आला. पांढरा, उंच, पाठीवर हात ठेवला तर कातडं थरथरावं असा सहा दाती बैल. त्याचा जोडीदार साप चावून मेला होता आणि एका बैलावर शेत होत नाही, म्हणून शहादेवने त्याला विकायला काढला होता. वासराचा बैल त्याने स्वतः केला होता. घेणारा चौसाळ्याचा सिद्धेश्वर, लिंगायत आडत्या, गळ्यातल्या लिंगाइतकंच शब्दाला जपणारा. रुमालाखालचं बोलणं झालं होतं. दोघांच्या चेहऱ्यांवरून दोघांनाही भाव पसंत असल्याचं दिसत होतं. राहिला होता फक्त तोंडाचा कौल.

गहिनीनाथाने ओठ ओढला. "सहा दाती. घासलेलं न्हाई." मग तोंडाशी तोंड नेलं, हुंगलं, आणि पाखऱ्याचा ओठ सोडून दिला. "आतून सडलंय."

शहादेवला आधी कळलंच नाही. "काय म्हणालात आबा?"

"दाढंला कीड हाय. जबडा जायचा त्याचा."

"आबा, मी हातानं वैरण घालतो त्याला. माज्या खांद्यावर तोंड ठिवून उभा ऱ्हातो ते. वास असता तर मला आला नसता का?"

"घरच्याला घरचा वास येत न्हाई."

"परत एकदा बघा की. पाया पडतो."

गहिनीनाथाने आपलं ठरलेलं वाक्य सांगितलं. लोक हसले, कारण ते वाक्य ऐकायला मिळालं की बाजार फुकट गेला नाही असं त्यांना वाटायचं. सिद्धेश्वरने रुमाल घडी करून खांद्यावर टाकला. शहादेव पाखऱ्याला घेऊन निघाला तेव्हा वाटेत कुणीतरी म्हणालं, "सडकं जनावर चौसाळेकराच्या गळ्यात मारत होता, बे." शहादेवने मागे वळून बघितलं नाही. पाखऱ्याने बघितलं.

संक्रांतीच्या आसपास गहिनीनाथाचा उजवा गाल सुजला. आधी लिंबाएवढा, मग डोळा मिटेपर्यंत. तोंड बोटभरही उघडेना, अंगात ताप भरला. दगडाबाईने लांबूनच बघितलं आणि हे किड्याचं काम नाही, नजरेचं आहे असं सांगितलं. भिवराबाईने तिचं पुढचं ऐकून घेतलं नाही. तिने गाडी जुंपायला लावली, नवऱ्याला गोधडीत गुंडाळून आत टाकला आणि स्वतः कासरा धरून मोमिनाबादचा रस्ता धरला. सरकारी कागदात ते मोमिनाबाद होतं. भिवराबाई अंबाजोगाईच म्हणायची, आणि बैलांनाही तेच कळत असावं.

तिथे घोडदळाच्या रिसाल्यातून पेन्शन घेतलेले एक डाक्टर बाजारपेठेत दवाखाना घालून बसायचे. त्यांनी गहिनीनाथाला खुर्चीत बसवलं, अंगठ्याने त्याचा खालचा ओठ खाली ओढला आणि आत बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा ओठाच्या या बाजूला आल्यामुळे गहिनीनाथाला डोळे कुठे ठेवावेत ते समजेना. बैल कुठे ठेवतात ते त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"गरम चीज लागून कळ यायची का? आन् मग जायचीच नाही?" डाक्टरांनी विचारलं.

त्याने मान हलवली.

"थंड पाण्यानं बरं वाटायचं? लेटल्यावर ठोके?"

पुन्हा मान.

"मग एक दिवस एकदम बंद."

गहिनीनाथाला तेवढ्या तापातही बरं वाटलं. "किडे काढले," तो सुजल्या तोंडाने म्हणाला. "धुरानं."

"किडे नव्हते मियाँ. दाताच्या आत नस असते, मुळापर्यंत गेलेली. दाताला चीर पडली, नस सुजली. गरमनं कळ उठून थांबत नव्हती, तवा ती मरत होती. कळ बंद झाली तवा ती मेली. मेलेलं दुखत नाही, फक्त सडतं. पू खाली हड्डीत गेला, पुळी आली, दात काळा पडला, उंच लागायला लागला. सगळं तुमाला सांगत होता तो." डाक्टरांनी चिमटा स्पिरिटात बुडवला. "कळ होती तवा हैदराबादेला गेला असता, तर तिथं साहेब लोकांचा एक दातवाला आहे. बारीक तारेनं मुळातली मेलेली नस काढतो, आत मसाला भरतो, दात जागेवर ठेवतो. आता काय? मूळच पोकळ झालं. काढावा लागंल."

त्यांनी आधी गळू फोडलं. खोलीत जो वास सुटला त्याने कंपाउंडर उठला आणि त्याने खिडकी उघडली. गहिनीनाथाने तो वास ओळखला. ओळख पटायला त्याला पापणी लवण्याइतकाही वेळ लागला नाही, पण तिच्यावर पुढे विचार करायचं त्याने टाळलं. मग दाढ निघाली.

सूज उतरेपर्यंत ते तिथल्या धर्मशाळेत राहिले. परतीच्या वाटेवर एका ओढ्याशी भिवराबाईने बैल सोडून पाण्यावर घातले. लाख्या पाणी पिऊन आला आणि गहिनीनाथाने सवयीने त्याचा ओठ खाली ओढला, तोंडाशी तोंड नेलं आणि हुंगलं.

ओल्या गवताचा वास आला. कडब्याचा आला. दुसरा कसलाही आला नाही.

तो बराच वेळ ओठ धरून उभा राहिला. लाख्याने कंटाळून मान झटकली. मग गहिनीनाथ दुसऱ्या बैलाकडे गेला, त्याचं तोंड उघडलं, हुंगलं, आणि परत लाख्याकडे आला.

"हळदीनं बरा झाला म्हणायचा," तो म्हणाला.

भिवराबाई जुवाची दोरी तपासत होती. "त्याला काय झालं नव्हतं."

"मग वास?"

तिने दोरी न सोडता त्याच्या उजव्या गालाकडे बघितलं.

"कावून सांगितलं न्हाईस?" त्याने विचारलं.

"काय सांगायचं? दसऱ्यापासून मी भिंतीकडं तोंड करून निजते. तुमी बैलाला हळद चोळत होता. म्हनलं, चोळू द्यावी, हळद वाया जात न्हाई." तिने दोरी ओढून बघितली. "आन् सांगितलं असतं तर तुमी परत बगितलं असतं का?"

बैल जुंपले. गाडी चालू लागली. गहिनीनाथाने दसऱ्यापासून सडके ठरवलेले बैल एकेक आठवायला घेतले आणि मग आठवायचं थांबवलं. पाखऱ्या मात्र थांबवून थांबेना. त्याने मनातल्या मनात वाटा काढून बघितल्या. बैलाचं तोंड आता सुधारलं, असं म्हणता येईल. त्या दिवशी वारं उलटं होतं, असंही. सिद्धेश्वरला एखादा निरोप धाडला तर बाजारात बोलायलाच नको. प्रत्येक वाट थोडी पुढे जायची आणि शहादेवच्या तोंडापाशी संपायची.

घरी न जाता त्याने गाडी वाडीकडे वळवायला सांगितली. भिवराबाईने कासरा त्या बाजूला ओढला.

शहादेव अंगणात दोर वळत होता. गहिनीनाथाला बघून तो उठला, घोंगडी टाकली, पाणी आणायला सांगितलं. पाखऱ्या गोठ्यात उभा होता. गहिनीनाथ सरळ त्याच्याकडे गेला आणि जवळ जाऊन थबकला. बैलाच्या उजव्या जबड्यावर विळा तापवून दिलेले आडवे डाग होते. जुने नव्हते. पांढऱ्या कातड्यावर गुलाबी खपल्या अजून ओल्या होत्या.

"तुमी म्हणालात जबडा जाईल," शहादेव मागून म्हणाला. "म्हणून डाग दिला. लई वराडलं ते. दोघांनी धरावं लागलं. पण आबा, खरं सांगतो, वास मला तवाबी आला नव्हता. म्हनलं आबा म्हणत्यात तर असंल."

गहिनीनाथाने पाखऱ्याचं तोंड उघडलं. पाखऱ्याने डागाची बाजू वाचवत मान मागे घेतली, पण तोंड दिलं. त्याने हुंगलं. मग खाली बसला, तसाच, गोठ्यातल्या ओल्यावर.

"वास माजा होता," तो म्हणाला.

शहादेवला ते समजायला वेळ लागला. समजल्यावर त्याने बैलाच्या जबड्याकडे बघितलं आणि मग पाण्याचा तांब्या गहिनीनाथापुढे ठेवला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शहादेव तसा माणूस नव्हता, आणि गहिनीनाथाला त्या घटकेला त्याचा रागच आला.

पुढच्या बाजारात गहिनीनाथ पाखऱ्याचा कासरा स्वतः धरून आला, शहादेव मागे. सिद्धेश्वर चौसाळ्याहून आलाच होता. गहिनीनाथाने सगळ्यांसमोर पाखऱ्याचा ओठ खाली ओढला, हुंगलं आणि सांगितलं, "सहा दाती. तोंड निर्मळ."

मग मागून मुंजाजीचा आवाज आला, बरोबर गहिनीनाथाच्या चालीवर. "दुसऱ्यांदा बघायचं म्हंजे पैल्यांदा बगितलंच न्हाई."

हसणं ओसरेपर्यंत गहिनीनाथ उभा राहिला. "न्हाईच बगितलं," तो म्हणाला. "दाढ माजी सडली हुती. बैलाच्या तोंडाशी तोंड नेलं की वास माजा माज्याच नाकात येत हुता. शहादेवचा बैल चांगला हाय." आणि त्याने तोंड उघडलं, डोकं मागे टाकलं आणि दाढेच्या जागचा खड्डा दाखवला. बघणारे पुढे आले. "किती दाती हाय बघा की," कुणीतरी म्हणालं. "वेसण घालून आणायचा हुता," दुसरा म्हणाला. सिद्धेश्वर मात्र हसला नाही. त्याने नीट बघितलं, मग पाखऱ्याच्या जबड्याकडे बघितलं.

"आन् डाग कशाचा?"

"मी रोग सांगितला म्हणून दिलाय."

"डाग हाय म्हंजे रोग हाय, हे मला कुणी शिकवलं?"

गहिनीनाथाने पाखऱ्याचा कासरा दुसऱ्या हातात घेतला.

"तुमीच, आबा. माझ्या पहिल्या बैलाच्या वेळी." सिद्धेश्वर हळू बोलत होता, त्याला अपमान करायचा नव्हता, म्हणून तो जास्त झाला. "तुमचा तवाचा शब्द खरा धरू का आताचा? दोन्ही खरे धरले तर मी येडा ठरतो. एक धरायचा तर मला डाग दिसतो, तुमचा शब्द दिसत न्हाई." त्याने रुमाल खांद्यावरच ठेवला.

संध्याकाळपर्यंत पाखऱ्याकडे कुणी आलं नाही. शहादेवने कासरा हातात घेतला आणि म्हणाला, "चला आबा. तुमी सांगितलं, झालं." दोघं वाडीच्या फाट्यापर्यंत गेले, बैल मधोमध.

गहिनीनाथ पुढेही बाजारात येत राहिला. कुणी बैल दाखवला तर तो दोनदा, तीनदा बघायचा, म्हणून त्याला फारसे बैल कुणी दाखवत नसत. कौल मुंजाजी देऊ लागला. पाखऱ्याला कुणी घेतलं नाही. शहादेवने त्याला शेजाऱ्याच्या रेड्याबरोबर जुंपलं, आणि ती विजोड जोडी नांगराचे वाकडे तास काढत चालली.

सबब इसम मजकुराचे सुरुवातीस दिलेले वर्णन खालीलप्रमाणे दुरुस्त करून वाचावे. दात एकतीस. उजव्या गालास खड्डा. खोड एक, ती उशिरा कळली. बैल पाखऱ्या, रंग पांढरा, उजव्या जबड्यावर डाग, त्याचे कारण दाखल्यात लिहिण्याची रीत नाही.

पाखऱ्याच्या तोंडाला वास कधीच नव्हता.